सिस्टरला विनंती केल्यास

४ मार्च

ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच बाजूला टाकशील, म्हणून वर ‘कामाचे’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. खरंच कामाचं आहे. बाकी काही विचारणार नाही, तूही सांगू नकोस.

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. हॉस्पिटलवर आता नवे विश्वस्त आलेत. त्यांनी मला बोलावून जुनी नियमावली पुढ्यात टाकली. एकशे बेचाळीस पानं, सगळी इंग्रजीत. आया, वॉर्डबॉय, पेशंटचे नातेवाईक, कुणालाच वाचता येत नाही, तेव्हा आपल्या भाषेत करून द्या म्हणाले. मी म्हटलं, मी नर्स आहे, पंडित नव्हे. त्यावर म्हणतात, पंडिताला बेडपॅन म्हणजे काय ते माहीत नसतं. यावर काय बोलणार?

तर रेकॉर्ड रूममध्ये मला एक टेबल, एक पंखा आणि एक कारकून मिळालाय. टेबल डुगडुगतं, पंखा फिरत नाही आणि कारकून बोलायचा थांबत नाही. अकराव्या पानावर आमचं घोडं अडलं. ‘ॲज अ मॅटर ऑफ पॉलिसी’ वॉर्डात फुलं आणू नयेत, एवढंच वाक्य. मी चहा घेऊन येईपर्यंत कारकुनाने लिहूनही टाकलं होतं, ‘विम्याच्या बाबतीत वॉर्डात फुले आणू नयेत.’ पॉलिसी म्हणजे विमाच ना मॅडम, म्हणे. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो म्हणाला, तुम्ही सांगा तर काय लिहायचं. आणि माझं ततपप झालं. नोकरीत दिवसातून दहा वेळा हे शब्द तोंडातून गेले असतील, अर्थ कुणी विचारलाच नव्हता.

कोशात ‘धोरण’ दिलंय. ‘धोरणाची बाब म्हणून फुले आणू नयेत’ असं भिंतीवर लावलं तर लोक फुलंच काय, पेशंटही आणणार नाहीत. तू कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलंस, कोशाच्या कामावर होतीस. या शब्दांचा अर्थ आणि वापर, दोन्ही कळव. पत्ता घातलेलं कार्ड सोबत ठेवलंय. चार ओळी पुरेत.

बावीस वर्षांनी बहिणीला पत्र लिहायचं आणि त्यात हे विचारायचं, हे विचित्र आहे. मान्य.

ताई


१९ मार्च

ठमे,

कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, बरोबर चार ओळी. तुझं अक्षर अजून तस्संच आहे, ‘र’ला शेपूट जरा जास्त. कारकुनाला मोठ्याने वाचून दाखवलं:

‘ठरवून घेतलेला आणि नेहमी पाळला जाणारा नियम म्हणून, समोरच्या प्रसंगाचा वेगळा विचार न करता. लेखी असेलच असे नाही, पण कुणीतरी ठरवलेला असतो. नुसती पडून गेलेली सवय असेल तर तिला प्रॅक्टिस म्हणावे. वापर: बहुधा नकार देताना. बोलणाऱ्याला कारण सांगायचे नसते, किंवा कारण नसतेच, तेव्हा.’

कारकून म्हणाला, बाई हुशार दिसतात. मी म्हटलं, माझी धाकटी बहीण आहे. हे वाक्य किती वर्षांनी बोलले कोण जाणे.

शेवटची ओळ कोशासाठी होती की माझ्यासाठी, ते विचारणार नाही असं ठरवलं होतं. विचारून झालं.

शब्दाचं म्हणशील तर अजून घोळ मिटलेला नाही. ‘शिरस्ता’ मला आवडतो, पण तो कुणी ठरवलेला नसतो, आपोआप चालत आलेला असतो. ‘दंडक’ म्हटलं की छडी दिसते. ‘प्रघात’ म्हटलं तर कारकून विचारतो, कुणाचा घात? सध्या ‘येथील ठरलेला नियम म्हणून’ असं लिहिलंय. लांबलचक आहे, पण निदान कुणीतरी ठरवलंय एवढं तरी कळतं.

आईची आठवण झाली. ‘आपल्याकडे ती खिडकी उघडत नाहीत.’ आठवतं? रस्त्याकडची. आपण दोघी उन्हाळाभर घामाघूम होऊन बसायचो, पण खिडकीला हात लावायची टाप नव्हती. मला वाटायचं, रस्त्यावरची माणसं दिसू नयेत म्हणून. तुला वाटायचं, तिथून कुणीतरी पडलं असेल. आई गेल्यावर मी घर रंगवायला काढलं तेव्हा सुतार म्हणाला, बाई, हिची वरची बिजागरी मोडलीय, उघडली असती तर तावदान खाली आलं असतं. एक खिळा मारला की झालं. बिजागरी मोडल्याचं आई विसरली आणि नियम तेवढा राहिला.

हे तुला त्याच वेळी सांगायचं होतं. तेराव्या दिवशी तू परत गेलीस, आपण एका खोलीत बसूनही बोललो नव्हतो.

ताई


६ एप्रिल

ठमे,

दुसरं कार्ड आलं. हे मी पाठवलेलं नव्हे, तू विकत घेतलेलं. त्यावर एकच ओळ: ‘तो नियम कितव्या पानावर आहे ते कळव.’

कुठला, ते लिहिलं नाहीस. लिहायची गरजही नव्हती.

काम आस्ते आस्ते चाललंय. पंखा दुरुस्त झाला, आता कागद उडतात म्हणून आम्ही तो बंद ठेवतो. कपडे धुण्याच्या विभागाची नऊ पानं झाली, स्वयंपाकघराची झाली. स्वयंपाकघरात ‘ॲज अ मॅटर ऑफ पॉलिसी’ चौदा वेळा आलंय. आचाऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, यातलं एकही आम्ही पाळत नाही, पण ऐकायला छान वाटतं.

तू विचारलेला नियम अजून सापडलेला नाही. नियमावली मोठी आहे, पानं मागेपुढे झालीत. सापडला की कळवते.

हे वरचं खोटं आहे. एकशे बेचाळीसही पानं मार्चमध्येच वाचून झालीत. नवा कागद घेऊन नीट लिहायला हवं, पण घेतला तर मी पुन्हा तेच लिहीन. हा असाच पाठवते. दोन दिवस दे.

ताई


८ एप्रिल

ठमे,

तो नियम कुठल्याच पानावर नाही.

सत्त्याण्णवाव्या पानावर जे आहे ते शब्दशः असं: ‘मृत व्यक्तीचे जवळचे नातेवाईक, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला विनंती केल्यास, अंत्यदर्शन घेऊ शकतील.’ वयाची अट नाही. जन्माला येण्याआधी गेलेल्यांना वगळावं असंही नाही. कारकुनाने ते मी बघण्याआधी उतरवून ठेवलं होतं आणि त्याच्या पद्धतीने ‘सिस्टर’चं भाषांतर केलं होतं. ‘बहिणीला विनंती केल्यास.’ मी ते दुरुस्त करायला पेन उचललं आणि मला अक्षरंच दिसेनात. तो बिचारा घाबरून पाणी आणायला धावला.

तू होतीस त्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर मी होते. तुला ठाऊकच आहे.

तुला ठाऊक नाही ते सांगते. तू ऑपरेशननंतर गुंगीत होतीस. बाळ आदल्या संध्याकाळी पोटातच गेलं होतं. डॉक्टरीणबाईंना दुसरी केस आली. जाता जाता एवढंच म्हणाल्या, ‘तुमच्या घरचंच आहे सिस्टर, तुम्ही बघा काय करायचं ते.’ म्हणजे ठरवणारी मी एकटी होते.

दुपारी बारा-साडेबाराला तुझा नवरा व्हरांड्यात आला. शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

म्हणाला, ‘ताई, ती जागी झालीय. बाळ बघायचं म्हणते.’

मी म्हटलं, ‘नाही दाखवता येणार.’

‘पाचच मिनिटं.’

‘ॲज अ मॅटर ऑफ पॉलिसी आम्ही दाखवत नाही.’

तो जरा घुटमळला. माझ्याशी कधी वर तोंड करून बोलला नव्हता. खाली बघत म्हणाला, ‘असं कुठे लिहिलेलं आहे का?’

मी म्हटलं, ‘आहे.’

‘बरं,’ म्हणाला, ‘नियमच असेल तर...’ आणि तुला सांगायला गेला. तो तुझ्याशी खोटं बोलला नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. त्याच्यावर तू कधी रागावली असशील तर तो राग इकडे पाठव.

तू मला बोलावत होतीस ते मला दोन खोल्यांपलीकडे ऐकू येत होतं. मी आले नाही. चार वाजता माणसं येऊन बाळाला घेऊन गेली, मग आले. तू विचारलंस, ‘तू माझी बहीण होतीस की या हॉस्पिटलची?’ मी तुझा ताप बघितला.

का केलं असं? तुझ्या भल्यासाठी, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. बघितलं की मनातून जाणार नाही, न बघितलेलं विसरता येतं, असं तेव्हा बरेच जण म्हणायचे. पण ते कारण नव्हे. तू तिला हातात घेऊन रडली असतीस आणि मला शेजारी उभं राहावं लागलं असतं, युनिफॉर्ममध्ये. मला ते झेपलं नसतं. मी तुझी मोठी बहीण, लहानपणी तुझं ढोपर फुटलं की मी आधी रडायचे. तर मी स्वतःला वाचवलं आणि त्याला पॉलिसी म्हटलं.

माफी मागायला हवी. मागते. पण मागितली म्हणून लगेच काही द्यायलाच हवं असं नाही.

ताई


२ जून

ठमे,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. रोज टपालवाल्याची वाट मात्र बघते. तो आता लांबूनच मान हलवतो.

तरी लिहितेय, कारण एक गोष्ट घडली आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

नियमावलीवर बैठक होती. सत्त्याण्णवाव्या पानावर मी एक नवा नियम जोडायला सुचवला होता. मृत अर्भक आईला दाखवण्याबाबत आईला विचारावे. ती नको म्हणाली तर थोड्या वेळाने पुन्हा विचारावे. घाई करू नये. सुपरिंटेंडंट म्हणाले, मॅडम, हे लेखी कशाला? अशा वेळी आपले लोक प्रसंग बघून वागतातच. आपला तसा शिरस्ता आहे.

मी म्हटलं, शिरस्ता काय आहे ते मला सांगू नका. एका बाईला याच इमारतीत मी नियम आहे म्हणून नकार दिला होता, आणि नियम नव्हता. ते म्हणाले, असेल, जुनी गोष्ट आहे, त्या बाई विसरल्याही असतील. मी म्हटलं, ती माझी सख्खी बहीण आहे.

सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. विचार करू म्हणाले आणि बैठक संपली.

बाहेर आले तर जिन्यापाशी बाळंतिणींच्या वॉर्डातली एक तरुण सिस्टर उभी होती. ती बैठकीत टिपणं घ्यायला बसली होती. हातातली वही उगाच उघडत-मिटत होती.

म्हणाली, ‘मॅडम, मीपण तसंच सांगते. बाळ दाखवत नाहीत म्हणून. मला वाटायचं, लिहिलेलं आहे.’

मी विचारलं, ‘तुला कुणी सांगितलं?’

‘आमच्या सीनियर सिस्टरनी.’

‘आणि तिला?’

तिच्या सीनियरला वॉर्डचं काम मी शिकवलं होतं.

ठमे, त्या दिवसाआधी असं काही नव्हतं. कुणी विचारलं तर सिस्टर आपापल्या मनाने दाखवायच्या, कुणी नाही दाखवायच्या. मी त्या दुपारी एकदा बोलले. दोन ज्युनिअर पोरी मागे उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. पुढच्या वेळी त्यांनी तेच म्हटलं आणि मी त्यांना अडवलं नाही, कारण अडवलं असतं तर माझंच खोटं उघडं पडलं असतं. असा पायंडा पडला. तू कार्डावर लिहिलं होतंस ना, पडून गेलेली सवय असेल तर प्रॅक्टिस. ही सवय माझ्यापासून सुरू झाली. तुझ्यानंतर कितीजणींनी विचारलं असेल आणि त्यांना काय उत्तर मिळालं असेल, याचा विचार करत मी त्या जिन्यावरच बसले. ती पोर माझ्या शेजारी बसून राहिली. तिचं जेवण हुकलं.

दुसऱ्या दिवशी मी सुपरिंटेंडंटच्या खोलीत जाऊन सांगितलं की हा नियम मंजूर होईपर्यंत उरलेली पानं देणार नाही. ते म्हणाले, ही धमकी आहे का? मी म्हटलं, हो.

मसुद्याची प्रत सोबत जोडलीय. वाच किंवा नको वाचूस.

ताई


२४ जून

ठमे,

मसुदा परत आला. तुझ्या लाल शाईसकट. ‘मृत अर्भक’ खोडून तू ‘बाळ’ लिहिलंस, तीनही ठिकाणी. ‘दाखवण्याबाबत’ काढून टाकलंस. खाली कारण लिहायला सांगितलंस, म्हणजे पुढे कुणी विसरलं तरी कागदावर राहील. सगळं तसंच केलं. सुपरिंटेंडंटनी सही केली. सही करताना म्हणाले, भाषा चांगली आहे हो. मी सांगितलं कुणाची आहे ते.

आणि मागच्या बाजूला पेन्सिलने, अगदी बारीक अक्षरात, तुझा प्रश्न: ‘तू तिला पाहिलं होतंस?’

हो.

पाहिलं, आणि हातातही घेतलं. तुझ्यापासून ते लपवलं, ते या सगळ्यात वाईट.

कपड्यांच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं. कोमट पाण्याने तिला पुसली. वजन दोन किलोला थोडं कमी. केस भरपूर होते, काळे, ओले असल्यामुळे कपाळाला चिकटलेले. मी ते बोटाने मागे केले. भुवया अगदी पुसट, नाही म्हणाव्यात इतक्या. नाक तुझ्या नवऱ्याचं. हनुवटी तुझी, मधोमध खळी असलेली, लहानपणी मी तुला हसवायला बोट लावायचे ती. डाव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली होती. हातांची बोटं लांब होती आणि नखं वाढलेली. चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. बावीस वर्षं खोटं बोलून झाल्यावर आता या एका गोष्टीत अक्षरही बदलणार नाही. ओठ मात्र निळसर होते.

मऊ सुती चादर होती, नवी, तिच्यात गुंडाळलं. मग मला तिला खाली ठेववेना. खुर्चीत घेऊन बसले. तुझ्याबद्दल सांगितलं तिला. तू गाताना एक सूर कसा हमखास चुकवतेस आणि तुला कसं कळतच नाही, ते सांगितलं. दारावर थाप पडली तेव्हा उठले.

तुझे होते ते क्षण. मी घेतले.

गावाबाहेरच्या दफनभूमीत, पूर्वेच्या भिंतीलगत लहान मुलांची जागा आहे. तिसरी ओळ. दगड नाही, लोखंडी पट्टी आहे, तिच्यावर नुसता आकडा. मी बावीस वर्षांत तीनदा गेले. जास्त गेले असं म्हणायला आवडलं असतं.

ताई


१३ ऑगस्ट

ठमे,

तू सकाळच्या गाडीने गेलीस आणि मी दुपारी लिहायला बसलेय. जे तुझ्या डोळ्यांदेखत झालं तेच तुला लिहून कळवायचं म्हणजे शहाणपणाचं लक्षण नव्हे. पण तिथे मला बोलता आलं नाही, आणि तू मला ओळखतेस, मी लिहिलं नाही तर पुढच्या वेळी भेटू तेव्हा पुन्हा गुडघ्यांबद्दलच बोलत बसेन.

काल तू गाडीतून उतरलीस तेव्हा मी तुला ओळखलं नाही. पांढऱ्या केसांची एक बाई माझ्याकडे रागाने बघतेय असं वाटलं. मग तू म्हणालीस, ‘किती वाळलीयस गं,’ आणि पिशवी माझ्या हातात दिलीस. तुझा नवरा मागून उतरला आणि वाकून नमस्कार करायला लागला. मी त्याला धरला. त्याला काय म्हणायचं ते मी आठवडाभर पाठ केलं होतं. त्यातला एक शब्द आठवला नाही. तोच म्हणाला, ‘ताई, चला, ऊन चढेल.’

दफनभूमीत शिरताना तो फाटकाशीच थांबला, आपण दोघी भिंतीपर्यंत गेलो. तू पट्टीवरचा आकडा हाताने पुसलास. मग तिचं नाव घेतलंस, मोठ्याने. तुम्ही दोघांनी ते आधीच ठरवून ठेवलं होतं हे मला माहीतच नव्हतं. ते मी इथे लिहीत नाही, तुझ्या तोंडून ऐकलं तेवढं पुरे.

मला वाटलं तू रडशील. मी तयारीत होते. या वेळी हलायचं नाही असं ठरवून आले होते. पण तू वळून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, ‘कशी धरली होतीस? दाखव.’

मी म्हटलं, ‘काय दाखवू आता?’

‘दाखव.’

मग मी डावा हात वाकवला. कोपरापाशी डोकं होतं. उजवा हात खालून, पाठीला आधार म्हणून. मान इकडे, भिंतीकडे झुकलेली. बासष्ट वर्षांची बाई भर उन्हात रिकामे हात असे धरून उभी. कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं! पण हात चुकत नव्हते. वजनसुद्धा आठवत होतं.

तू पुढे आलीस. तुझे हात माझ्या हातांखाली घातलेस, अगदी सांभाळून, आणि म्हणालीस, ‘दे.’

मी दिली.

तू माझ्याकडे पाठ केलीस आणि खाली बघत, हळूहळू डुलत उभी राहिलीस. काहीतरी बोलत होतीस. ते माझ्यासाठी नव्हतं, म्हणून मी दोन पावलं मागे सरले. पण गेले नाही, ठमे. शेवटपर्यंत तिथेच होते.

पोचल्याचं कळव.

तुझी ताई